पोटाला गार लागलं का?

एखाद्या माणसाला कसलाही त्रास नाही. भूक नीट लागते, झोप नीट लागते, कामावर रजा नाही. तरीही त्याने दर सहा महिन्यांनी आपले यकृत तपासून घ्यायचे, आणि प्रत्येक वेळी तपासणीत काहीच सापडायचे नाही. मग या तपासणीत अर्थ काय?

हा प्रश्न मला माझ्या मेहुण्याने विचारला होता. मी तेहतीस वर्षे शाळेत गणित आणि विज्ञान शिकवले. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिल्यावाचून मला चैन पडत नाही. या प्रश्नाचे उत्तर मात्र मला देता आले नाही. ते पुढे त्यानेच मला दिले, आणि तेही माझी एक ठळक चूक उघडकीस आल्यानंतर. ती चूक कशी घडली, ते क्रमाने सांगतो.

प्रथम मेहुण्याची ओळख. तो माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. मराठवाड्यातून पदविका घेऊन नोकरीसाठी इकडे आला आणि पिंपळे गुरवच्या आमच्या घरात चार वर्षे राहिला. पुढे लग्न झाले, एक मुलगी झाली, आणि त्याने चाकणला बिऱ्हाड केले. गाड्यांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात तो 'गेज रूम' सांभाळतो. या खोलीत भाग तयार होत नाहीत. भाग मोजण्याची साधने, म्हणजे 'गेज', तिथे तपासली जातात. प्रत्येक साधनावर एक लहानसे स्टिकर असते. त्यावर दोन तारखा असतात: मागची तपासणी केव्हा झाली आणि पुढची केव्हा व्हायला हवी. पुढची तारीख उलटली की त्यावर लाल स्टिकर लागते, आणि ते साधन कितीही चांगले दिसत असले तरी वापरायचे नाही, असा नियम.

एकदा कंपनीने कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना कारखाना पाहायला बोलावले होते. आम्ही गेलो तेव्हा मेहुणा एका यंत्रचालकाच्या हातातून व्हर्नियर, म्हणजे सूक्ष्म मापे घेण्याचे साधन, काढून घेत होता.

"असू दे की भाऊ, एकच दिवस तर वर झालाय," यंत्रचालक म्हणाला. "कालपर्यंत बरोबर दाखवत होता हा."

"बरोबर दाखवतोय हे तुला सांगितलं कुणी?"

"कुणी म्हणजे? ह्यानंच!"

"मग झालं तर! तू घड्याळाला विचारणार, बाबा रे, तू मागं तर नाहीस? आणि घड्याळ म्हणणार, छे छे, मी कसला मागं!"

सगळे हसले. व्हर्नियर मात्र लाल स्टिकर लावून कपाटात गेला. शिक्षक म्हणून मला तो प्रसंग फार आवडला. साधन चुकले आहे की नाही हे त्याच साधनाने कळत नाही, ही गोष्ट मी वर्गात इतक्या थोडक्यात कधी सांगू शकलो नव्हतो.

त्यानंतर वर्षभराने त्याच कारखान्यात रक्तदान शिबिर झाले. काही दिवसांनी त्याला निरोप आला: रक्तात हिपॅटायटिस बी चा विषाणू आढळला आहे, डॉक्टरांना भेटा. तो कंपनीच्या बसमधून उतरून घरी न जाता सरळ आमच्याकडे आला आणि कागद माझ्यासमोर ठेवून पाणी मागितले.

त्याला दोन भीती होत्या. पहिली वडिलांची. माझे सासरे गेले तेव्हा गावात सगळ्यांनी 'जुनी कावीळ' असेच म्हटले. पोटात पाणी झाल्यावर त्यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हलवले, तेव्हा यकृतात कर्करोगाची मोठी गाठ निघाली. त्यापूर्वी दोन महिने ते शेतावर स्वतः चालत जात होते. काहीही दुखत नव्हते. मेहुणा त्या वेळी शाळेत होता. पण 'काही दुखत नव्हतं' हे वाक्य त्याच्या मनात कायमचे बसले होते.

दुसरी भीती लोकांची. या माणसाला सुपारीचेही व्यसन नाही. "पण लिव्हर म्हटलं की लोकांना ग्लासच दिसतो, दाजी," तो म्हणाला. "उद्या लाइनवर म्हणतील, बघा बघा, साहेब दिसायला लई साधा."

डॉक्टरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. हा विषाणू दारूने येत नाही. पुष्कळांना तो जन्माच्या वेळीच आईकडून आलेला असतो, असे त्यांनी सांगितले. रोज एक गोळी सुरू केली. गोळीने विषाणू दबून राहील, धोका कमी होईल. पण धोका शून्य होणार नाही. वडिलांना हाच कर्करोग झालेला, स्वतःचे वय चाळिशीच्या पुढे. म्हणून दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि त्यासोबत रक्ताची एक तपासणी करायची. ते म्हणाले, "गाठ लहान असते तेव्हा दुखत नाही, आणि दुखू लागते तेव्हा ती लहान राहिलेली नसते. लहान असतानाच सापडली तर आम्हाला पुष्कळ काही करता येतं." घरातल्या इतरांचेही रक्त तपासायला आणि ज्यांना गरज आहे त्यांना लसीचे तीन डोस द्यायला त्यांनी सांगितले. पत्नीचे रक्त निर्दोष निघाले, मेहुण्याच्या बायको-मुलीचे आणि माझेही. आम्ही चौघेही लसीच्या यादीत आलो.

हे सर्व नीट पार पडावे म्हणून मी जबाबदारी घेतली. निवृत्त होताना शाळेतून मी एक कोरा हजेरीपट आठवण म्हणून आणला होता. त्यात मी रकाने आखले. एका पानावर मेहुण्याच्या तपासण्या, दुसऱ्या पानावर चौघांच्या लसी. शाळा सुटली तरी माझे वर्ष अजून सत्रांनीच चालते. म्हणून एक तपासणी दिवाळीच्या सुट्टीत आणि दुसरी मे महिन्यात, असे ठरवले. दोन्हींत अंतर साधारण सहा महिन्यांचे पडते. पत्नी म्हणाली, "माझ्या भावाची सहामाही आणि वार्षिक, दोन्ही घेणार म्हणा की!"

आणि खरोखर तसेच चालू झाले. तपासणीच्या सकाळी तो उपाशीपोटी यायचा, मी फाइल घेऊन सोबत जायचो. सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर येताना त्याची एकच तक्रार असायची: पोटावर लावतात ते जेल फार गार असते. "फ्रिजमधून काढून लावतात का काय, देव जाणे!" अहवाल स्वच्छ यायचा. मी हजेरीपटात खूण करायचो. मग पिंपरीत कुठेतरी बसून तो दोन प्लेट इडली खायचा आणि विचारायचा, "दाजी, काहीच निघत नाही. मग ह्यात अर्थ काय?"

मी म्हणायचो, "निघत नाही हे चांगलंच आहे ना?"

"चांगलंच आहे. पण अर्थ काय?"

असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी, मे महिन्यात, कारखान्यात नवीन मॉडेलचे काम आले. ओव्हरटाइम सुरू झाला, रविवारच्याही सुट्ट्या गेल्या. महिना संपत आला तेव्हा तो घाईघाईने येऊन गेला आणि एक कागद माझ्या हातात ठेवला. कंपनीची वार्षिक वैद्यकीय तपासणी नुकतीच झाली होती. छातीचा एक्स-रे, हृदयाचा आलेख, साखर, रक्तदाब, डोळे, कान. खाली डॉक्टरांची सही, गोल शिक्का, आणि 'कामास योग्य' असा शेरा.

"हे बघा दाजी, डोक्यापासून पायापर्यंत सगळं झालंय. आता दिवाळीलाच जाऊ."

मी कागद वाचला, शिक्का पाहिला आणि हजेरीपटात मे महिन्याच्या रकान्यात खूण केली.

हीच माझी चूक. तिचे मूळ मी नंतर शोधले. तेहतीस वर्षे माझ्या टेबलावर वैद्यकीय दाखले येत होते. विद्यार्थी चाचणीला गैरहजर राहिला, पण शिक्का असलेला दाखला आणला, की आम्ही ती गैरहजेरी माफ करत असू. सही आणि शिक्का पाहिला की माझा हात आपोआप खूण करतो. दाखल्याने गैरहजेरी माफ होते. राहिलेला पेपर दाखल्याने लिहून होत नाही, हे मला इतक्या वर्षांत कधी वेगळे करून पाहावेच लागले नव्हते. त्या कागदावर एक्स-रे छातीचा होता. पोटाकडे कुणी पाहिलेच नव्हते.

गणपतीच्या आदल्या रविवारी मेहुणा जेवायला आला. पत्नीने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. बोलता बोलता मी अभिमानाने म्हणालो, की पाच तपासण्या झाल्या, एकही चुकली नाही.

पत्नी तव्यावरचे धपाटे उलटत होती. तिने मागे न पाहता भावाला विचारले, "काय रे, मे महिन्यात पोटाला गार लागलं का?"

"कशाचं गार?"

"अरे, त्या जेलचं. दर वेळी रडतोस ना त्यावरून? या वेळी काही बोलला नाहीस, म्हणून विचारलं."

मेहुण्याचा घास हातात राहिला. "नाही अक्का. या वेळी जेल लावलंच नाही."

"मग तपासणी झालीच नाही," पत्नी म्हणाली आणि धपाटे माझ्या ताटात टाकले. "अहो मास्तर, तुम्ही न झालेल्या पेपरला पास केलंत."

मी उठून हजेरीपट आणि तो कागद घेऊन आलो. वरपासून खालपर्यंत वाचला. ती अगदी बरोबर होती. मागची खरी सोनोग्राफी दिवाळीत झाली होती, म्हणजे मध्ये दहा महिने गेले होते. मेहुणा आपल्या वडिलांचा विचार करत आहे, हे आम्हा दोघांनाही दिसत होते. तो एवढेच म्हणाला, "मी जर माझ्या खोलीतला गेज असतो ना दाजी, तर मलाच लाल स्टिकर लावून कपाटात टाकलं असतं."

सोमवारी त्याची दुसरी पाळी होती, म्हणून सकाळ मोकळी होती. आम्ही लवकर गेलो. बाकावर शेजारी एक आजोबा होते, इथल्याच जुन्या गावातले. पांढरी टोपी, हातात पाण्याची बाटली. त्यांनी आम्हाला न विचारताच सांगायला सुरुवात केली.

"आमी काय पीत न्हाई, खात न्हाई वंगाळ. तरी डाक्टर म्हनतो, लिवर बघाया दर सा म्हयन्यानं यायचं. साखर हाय म्हनं, चरबी हाय म्हनं, लिवर कडक झालंय म्हनं."

"मग येता का नेमानं?" मेहुण्याने विचारले.

"न येऊन सांगतो कुनाला? सून गाडीवर बशिवती आन् आनून सोडती. घरात च्या बी देत न्हाई आदी." मग मेहुण्याकडे निरखून पाहत, "तुमाला काय झालंय? तुमी तर तरनेताठे."

गेली दोन वर्षे जे मेहुणा घराबाहेर कुणापाशी बोलला नव्हता, ते त्या अनोळखी माणसाला त्याने सरळ सांगून टाकले. "मला हिपॅटायटिस बी आहे, बाबा. वडील लिव्हरच्याच कॅन्सरनं गेले."

"आरं द्येवा," आजोबा म्हणाले. "मंग तर तू माझ्या आदी जा आत."

या वेळी सोनोग्राफीला जास्त वेळ लागला. दार अर्धवट उघडे होते. "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" हे मला तीन वेळा ऐकू आले. मग तिथल्या डॉक्टर बाईंनी मला आत बोलावले. यकृताच्या उजव्या भागात एक लहान ठिपका दिसत होता. जुने अहवाल आहेत का, असे त्यांनी विचारले. फाइल तारखेच्या क्रमाने लावलेली होती. या सर्व प्रकरणात माझ्याकडून बिनचूक झालेली तेवढी एकच गोष्ट. चारही अहवालांत ठिपक्याचा उल्लेख नव्हता. "लगेच घाबरू नका," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या डॉक्टरांना आजच दाखवा." त्याच दिवशी डॉक्टरांनी रक्त घेतले आणि शिरेतून औषध सोडून करायचा सीटी स्कॅन सांगितला. गुरुवारची वेळ मिळाली.

ते तीन दिवस मला शाळेतल्या कोणत्याही निकालाच्या दिवसापेक्षा लांब वाटले. खूण मी केली होती. मेहुणा मात्र रोज कामावर जात होता. मंगळवारी त्याचा फोन आला.

"दाजी, आज सव्वीस साधनांना लाल स्टिकर लावलं."

"एवढ्यांची तारीख उलटली होती?"

"उलटली नव्हती. पुढच्या आठवड्यात उलटणार होती. सुपरवायझर म्हणाला, राव, आज काय अंगात आलंय का तुमच्या?"

मी हसलो. तोही हसला. मग त्याने गुरुवारची वेळ पुन्हा एकदा विचारून घेतली.

शुक्रवारी आम्ही तिघेही डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी स्कॅनची चित्रे पडद्यावर लावली आणि आधी निकाल सांगितला, मग कारण. हा क्रम मी शिक्षक असूनही फार क्वचित पाळला असेन. कर्करोग नव्हता. ती रक्तवाहिन्यांची एक निरुपद्रवी गाठ होती. बहुधा पूर्वीपासूनच होती. पोटातल्या वायूमुळे आधीच्या सोनोग्राफीत आड राहिली असावी. रक्ताची तपासणीही ठीक होती.

"म्हणजे अंगावर तीळ असतो, तसं?" पत्नीने विचारले.

"यकृतावरचा तीळ समजा."

"बघ," ती भावाला म्हणाली, "लहानपणी आई तुला तीट लावायची ती आत उतरली."

डॉक्टरही हसले. मला मात्र एक गोष्ट विचारायचीच होती. मधले चार महिने आम्ही चुकवले, त्याने काही बिघडले का? डॉक्टर म्हणाले, "या वेळी नाही बिघडलं. पुढच्या वेळी बिघडणार नाही असं मी सांगू शकत नाही. तारीख पाळा." मला हे उत्तर आवडले. त्यात दिलासाही होता आणि शिक्षाही.

बाहेर येऊन आम्ही इडली मागवली. मेहुण्याने दोनऐवजी तीन प्लेट सांगितल्या. आता विचारण्याची पाळी माझी होती.

"चार वेळा काही निघालं नाही. पाचव्या वेळी निघालं तेही काही नव्हतं, उलट आठवडाभर जीव टांगणीला लागला. आता तूच सांग, ह्यात अर्थ काय?"

त्याने इडलीचा तुकडा सांबारात बुडवला. "दाजी, मी महिन्यात शंभर गेज तपासतो. शंभरच्या शंभर बरोबर निघाले, तर माझं काम फुकट गेलं म्हणायचं का?"

"नाही."

"त्या शंभर गेजवर विश्वास ठेवून बाकीचे लोक महिनाभर काम करतात. मी परवा रात्रपाळीच्या पोराला माझ्या हातानं गेज दिला तेव्हा त्याला ठाऊक होतं, हा बरोबर आहे. तसं मला आज ठाऊक आहे. काल नव्हतं. सहा महिने मी हे घेऊन काम करणार. बाबांना तेवढं मिळालंच नाही."

उत्तर पूर्ण होते.

रविवारी संध्याकाळी तो आमच्या घरी आला तो खिशात स्टिकर घेऊनच. हजेरीपटातली मे महिन्याची माझी खूण त्याने स्वतः खोडली, त्या जागी 'गैरहजर' लिहिले आणि पुढच्या तपासणीची तारीख स्टिकरवर घालून ते आपल्या जेवणाच्या डब्याच्या झाकणावर चिकटवले. आता लाइनवर कुणी विचारले तर तो सांगतो. मागच्या महिन्यात त्याच्या सांगण्यावरून दोन सहकाऱ्यांनी आपले रक्त तपासून घेतले, असे कळले.

मग त्याने पान उलटले. लसीचा तक्ता होता. अक्का: तीन डोस, तीन खुणा. त्याची बायको: तीन. मुलगी: तीन. माझ्या नावापुढे दोन खुणा, तिसरा रकाना कोरा.

"दाजी," तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "हे हजेरी घेणारे मास्तर कुठं होते?"

मी हजेरीपट हातात घेऊन पाहिले. खरेच कोरा होता. सगळ्यांना नेण्याच्या गडबडीत मी स्वतः दाराबाहेर बसून राहिलो होतो. पत्नीने पदर तोंडाला लावला. मेहुण्याने खिशातून एक लाल स्टिकर काढले आणि माझ्या चष्म्याच्या डबीवर चिकटवले. ते मी अजून काढलेले नाही, जरी दुसऱ्याच दिवशी जाऊन राहिलेला डोस घेतला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस घेतला की पुरते, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मला वर्ष वाया न घालवता राहिलेला एकच पेपर लिहायला बसवल्यासारखे वाटले.

एवढ्यावर माझे लेखन संपले असते. पण मी स्वतः केलेल्या खुणेवर विश्वास ठेवून फसलो आहे, म्हणून वाचकांनी माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवावा असे मला वाटत नाही. आपल्याला किंवा घरात कुणाला हिपॅटायटिस बी किंवा सी असेल, यकृत कडक झाले आहे असे डॉक्टरांनी कधी सांगितले असेल, किंवा घरातले कुणी यकृताच्या कर्करोगाने गेले असेल, तर कृपया आज फाइल काढा. सर्वांत वरचा कागद कशाचा आहे ते वाचा. त्यात पोटाची सोनोग्राफी आहे का, आणि तिची तारीख कोणती, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आणि आपल्याला ही तपासणी किती दिवसांनी लागते, ते आपल्या डॉक्टरांनाच विचारा.